सरकी, भाग दुसरा

पहिली कॅसेट न खपण्यात एक रुबाब असतो. ‘लोकांना कळलं नाही’ एवढं म्हटलं की कलावंत मोकळा होतो आणि चहाच्या टपरीवर दूर कुठेतरी नजर लावून बसायला पात्र ठरतो. दुसरी कॅसेट मात्र धोक्याची. ती पडली तर याला काही येत नाही हे सिद्ध होतं, आणि चालली तर ‘हा बिघडला’ म्हणायला नेमके तेच लोक पुढे येतात ज्यांनी पहिली विकत घेतली नव्हती. आमची दुसरी चालली. त्यामुळे आम्ही बिघडलो. कसे बिघडलो ते मी सांगतो, कारण याबाबतीत आर्वीत आणि आर्वीबाहेर बरंच खोटंनाटं पसरलेलं आहे.

आमच्या ब्यांडचं नाव ‘सरकी’. कापसातली रुई व्यापारी घेऊन जातो, मागे उरते ती सरकी. तसे नागपूर-मुंबईला न जाता गावातच उरलेले आम्ही तिघं, असा त्यात खोल अर्थ होता. हा अर्थ मी प्रत्येकाला समजावून सांगायचो, आणि सगळं ऐकून घेतल्यावर प्रत्येक जण विचारायचा, “म्हंजे ढोरायले चारतात ते?”

मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कोणत्या ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. गिटार मी वाजवायचो. ड्रमवर चंद्रभान, तळेगावच्या शेतकरी घरातला. अंगानं असा की त्याच्यासमोर ते ड्रम लहान मुलींच्या भातुकलीसारखे दिसायचे. आणि गायला बंडूजी. बंडूजी एस.टी.त कंडक्टर. आर्वी डेपोच्या गाड्यांमधून वर्षानुवर्षं ओरडून त्याचा आवाज असा तयार झाला होता की माईक आम्ही त्याच्यासमोर केवळ शोभेसाठी ठेवायचो.

वाजवायचो ते रॉक. गावानं त्याचं ताबडतोब भाषांतर केलं आणि आम्हाला ‘दगडी ब्यांड’ म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या कॅसेटमध्ये आम्ही कोणाचीही पर्वा केली नव्हती. तिच्यात लाईट जाण्यावर एक फार मोठं गाणं होतं. ऐन रंगात आलं की सगळी वाद्यं बंद पडायची आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. ऐकणाऱ्याला अंधाराचा अनुभव यावा, ही कल्पना माझी. ज्यांनी ज्यांनी कॅसेट घेतली त्यांनी त्यांनी ती बिघडली म्हणून दुकानात परत आणून दिली. दुसऱ्या बाजूला बंडूजी आर्वी डेपोचं वेळापत्रक गायला होता. कॅसेट बाजारात येईपर्यंत वेळापत्रक बदललं. देऊरवाड्याच्या एका गृहस्थाची आमच्या गाण्यापायी वर्ध्याची गाडी चुकली, आणि तो भांडायला डेपोत न जाता माझ्या घरी आला.

नागपूरच्या एका साप्ताहिकानं मात्र आमची दखल घेतली. ‘विदर्भात पर्यायी संगीताचा जन्म’ असा मथळा होता. मी ते कात्रण खिशात ठेवून गावभर हिंडलो. आमच्या शेजारच्या वच्छलाबाईंनी ते चष्मा लावून वाचलं.

“पर्यायी म्हंजे कसं जी? रॉकेल नाई भेटलं की आपुन काड्या-गोवऱ्या जाळतो, तसं?”

“तसं नाही काकू.”

“मंग बरोबरच हाय ना. चांगलं गानं नाई भेटलं त हे.”

या बाईला मी आयुष्यात वादात हरवू शकलो नाही, म्हणून त्या दिवशीही प्रयत्न केला नाही.

आमचा एकच समाधानी ग्राहक होता, चंद्रभानचे काका बापूजी. ते एक कॅसेट घेऊन गेले आणि महिन्याभरानं दुसरी मागायला आले. मला भरून आलं. मी त्यांना पाटावर बसवलं, नलूला चहा टाकायला सांगितलं आणि विचारलं की कोणतं गाणं जास्त आवडलं. बापूजी म्हणाले, “गान्याचं मले नाई समजत बावा. पन शेतात टेपचं मशीन लावून ठेवलं, त रानडुकरं पार तिकडच्या नाल्यापलीकडं गेले. आता भावाच्या वावरासाठी पाह्यजे.”

आत नलू, म्हणजे माझी बायको, हसताना तिच्या हातून गाळणं पडल्याचा आवाज आला.

या पार्श्वभूमीवर हिरालालसेठनं आम्हाला बोलावलं. हिरालालचं आर्वीच्या बाजारात रेडिओ, पंखे आणि कॅसेटांचं दुकान होतं, आणि पहिली कॅसेट त्यानंच काढली होती. न खपलेला माल त्यानं काचेच्या कपाटात खालच्या खणात रचून ठेवला होता, आणि आम्ही आलो की तो त्या खणाकडे बघत बोलायचा.

“प्रभाकरजी, दुसरी काढू. मी ना नाई म्हनत. पन इस बार कमर्शियल पाह्यजे.”

बंडूजीनं विचारलं, “कमर्शियल म्हंजे? मधात जाहिरात घालाची?”

“नाई हो. लोकायचा पाय हलला पाह्यजे.”

“मागच्या टायमालेही हलले ना लोकायचे पाय,” चंद्रभान म्हणाला. “उठून घरी गेले.”

मी त्या दुकानात एक भाषण केलं. कला आणि बाजार, सरकी आणि रुई, असं बरंच बोललो. हिरालालनं शांतपणे ऐकलं, मध्ये एका गिऱ्हाईकाला टेबलफॅन दाखवला आणि मग म्हणाला, “बराबर हाय. पन आता पुढची बिना पायाची काढली, त ते तुमी दुसऱ्याच्या दुकानातून काढा.” आर्वीत दुसरं दुकान नव्हतं.

आपण कमर्शियल होणार आहोत ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सगळ्या आळीला माहीत होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला की जसे लोक औषधं सांगायला येतात तसे माझ्याकडे येऊ लागले. एकानं सांगितलं, देवीचं एक टाका, देवीचं पडत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, पोळ्याचं टाका, बैलवाले सगळे घेतील. बाईचा आवाज पाहिजे असं पुष्कळांचं मत पडलं, आणि स्वतः वच्छलाबाई त्यासाठी तयारही होत्या. हळदीचं एक गाणं त्यांना पाठ होतं. ते संपेपर्यंत हळद वाळायची. माझ्या सासऱ्यांनी पत्रातून कळवलं की गाण्याचं काय ते बघा, पण जावयानं गिटार घेऊन फोटो काढू नये, नलूच्या धाकट्या बहिणीचं अजून जमायचं आहे.

सल्ला देणारे नुसता सल्ला देऊन जात नसत. आमचा सराव माझ्या घरी समोरच्या खोलीत चालायचा, आणि आता कमर्शियल कसं करतात ते बघायला दारात गर्दी होऊ लागली. एका रविवारी तर उंबरठ्यापासून ओट्यापर्यंत माणूस उभा होता. बंडूजी ड्युटीवरून थेट आला. खाकी कपडे अंगात, तिकिटांची पेटी काखेत. त्याला आत यायला वाट मिळेना. गर्दी दिसली की बंडूजीला वेगळा विचार करावा लागत नाही.

“चला, पुढं सरका!” तो दारातूनच गरजला. “पुढं सरक ना भाऊ! पुढं सरक ना बाई! मागं लोकं लटकून राह्यले, तुमाले दिसत नाई?”

चंद्रभान ड्रमपाशी काड्या हातात घेऊन रिकामा बसला होता. त्यानं सहज त्या ओरडण्याला ठेका धरला. बंडूजी सवयीनं पुन्हा ओरडला, या वेळी ठेक्यात. आणि माझी बोटं, मी त्यांना काहीही सांगितलेलं नसताना, गिटारवर चालू लागली. दारातली माणसं पुढं सरकायच्या ऐवजी जागच्या जागी हलायला लागली. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा एक खांदा हलत होता, आणि तो हलतो आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

पुढं सरक ना भाऊ, पुढं सरक ना बाई,
गाडी रिकामी दिसते पन जागा काई नाई!

गाणं संपलं तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे हे आमचं आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं आहे. दुसरी म्हणजे हे कमर्शियल आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, या विचारात मी त्या दिवशी जेवलो नाही. नलूनं माझ्या वाट्याची भाकर झाकून ठेवली आणि म्हणाली, “लोकायले आवडलं म्हनून कोनी उपाशी राह्यते का? तुमचं मले काही समजतच नाई बाप्पा.”

आता कचेरीचं प्रकरण. सरकारी नोकराला कला करता येते, धंदा करता येत नाही. पहिल्या वेळी हा मुद्दा कोणाच्या डोक्यात आला नव्हता, पण ‘कमर्शियल’ हा शब्द आमच्या हेडक्लार्कच्या कानापर्यंत पोचला आणि त्यांनी सांगितलं की साहेबांची परवानगी घ्यावी लागेल. साहेब पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, सज्जन आणि घाबरट गृहस्थ. त्यांनी माझा अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला.

“व्यावसायिक स्वरूपाचं नाही ना हे?”

“साहेब, कलेच्या दृष्टीनं पाहिलं तर...”

“ऐकवा.”

दुसरी कॅसेट अजून व्हायची होती. म्हणून मी पहिलीच लावली. शिपायानं खिडकीतल्या मोठ्या कूलरचा आवाज बंद केला, हेडक्लार्क हात बांधून उभे राहिले. लाईटचं गाणं सुरू झालं. साहेबांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग त्यांनी हात वर केला, माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि म्हणाले, “हे विकत कोण घेणार? छे, छे. व्यावसायिक असण्याचा प्रश्नच येत नाही.” आणि त्यांनी सही केली.

मला पाहिजे होती ती परवानगी मिळाली होती. तरी कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी ती कात्रणाच्या खिशात न ठेवता दुसऱ्या खिशात ठेवली. एखाद्या कलावंताच्या कलेला बाजारात किंमत नाही हे शासनानं लेखी दिल्याचं उदाहरण जिल्ह्यात दुसरं नसेल.

रेकॉर्डिंग हिंगणघाटला झालं. हिरालालच्या मेहुण्याची तिथे जिनिंग फॅक्टरी होती, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करायचा कारखाना. उन्हाळ्यात हंगाम संपल्यामुळे मशीनं बंद, पण गोदामात रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. गाठींच्या मधोमध जागा करून आम्ही बसलो, आणि तिथे जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. बाहेरचा ट्रक नाही, कुत्रं नाही. चंद्रभाननं ड्रम वाजवला तर तेवढाच वाजला, भिंतीतून परत आला नाही. नागपूरच्या स्टुडिओत काय असतं मला माहीत नाही, पण एवढ्या कापसात कोणी वाजवलं नसेल.

अडचण एकच होती, नत्थूजी. नत्थूजी त्या गोदामाचे जुने चौकीदार. रुईला आग लागू न देणं हे त्यांच्या आयुष्याचं काम, आणि आम्ही तिथे वायरी पसरून बसलेलो. ते पाण्याची बादली घेऊन माझ्या अॅम्प्लिफायरमागे उभे राहिले.

“नत्थूजी, बसा ना,” मी म्हटलं.

“वाजवा तुमी. मी हाय इथं.”

पहिली काही गाणी सुरळीत झाली. बादलीची आठवण मानेवर घेऊन गिटार वाजवणं सोपं नसतं, तरी मी वाजवली. मग ‘पुढं सरक’ची पाळी आली. उन्हानं पत्रे तापलेले, हवेत रुईचे तंतू तरंगत होते. दुसरं कडवं संपलं, सगळं क्षणभर थांबतं अशी एक जागा होती, आणि नेमक्या त्या जागी बंडूजीला शिंक आली. साधी शिंक नव्हे. भरलेल्या गाडीला ड्रायव्हरनं अचानक ब्रेक मारावा तशी. टेप फिरत होती. चंद्रभाननं न थांबता पुढचा ठोका टाकला, मी गिटार ओढली, आणि गाणं असं उसळून वर आलं की आम्ही तिघंही थांबायचं विसरलो.

त्याच वेळी अॅम्प्लिफायरमधून धुराची एक बारीक रेघ निघाली. नत्थूजी इतका वेळ ज्या क्षणाची वाट पाहत होते तो आला होता. त्यांनी बादली ओतली. अॅम्प्लिफायरवर अर्धी, उरलेली माझ्यावर. गिटारचा शेवटचा सूर जो तुम्हाला कॅसेटवर लांबत लांबत विझताना ऐकू येतो, आणि ज्याबद्दल त्या नागपूरच्या साप्ताहिकानं नंतर ‘विलक्षण संयम’ असं लिहिलं, तो संयम नत्थूजींचा.

“आता झालं,” मी पाणी निथळत म्हटलं. “हे पुसून पुन्हा घ्यावं लागेल.”

“पुन्हा कायनं घेता?” चंद्रभान अॅम्प्लिफायरकडे बोट दाखवून म्हणाला. “अन् काऊन घ्याचं? मले त हेच पाह्यजे. शिंकेसकट.”

माझी प्रतिष्ठा ओली झालेली होती. मी म्हटलं, शिंक ठेवणं हा उथळपणा आहे. बंडूजी नाक पुसत म्हणाला, “प्रभाकरभाऊ, पहिल्या टायमाले तुमी म्हनलं का इथं काईच वाजवाचं नाई, त आमी वाजवलं नाई. आता देवानं आपल्या हातानं एक शिंक देल्ली, ते त ठेवा.” शिंक राहिली.

मग कव्हर. कव्हरचा मजकूर मी सुंदर अक्षरात लिहून दिला होता: ‘सरकी, भाग दुसरा’. छापून गठ्ठे आले तेव्हा हिरालालनं मला कचेरीतून बोलावून घेतलं. मी पाहिलं. प्रत्येक कव्हरवर लालभडक अक्षरांत छापलं होतं: ‘सरकारी, भाग दुसरा’.

छापखान्याचा मालक तिथेच बसला होता, अगदी शांत. “सरकी कोन छापते जी कॅसेटवर? मी पाह्यलं, तुमी सरकारी मानूस. मले वाटलं घाईत अर्धं लिहाचं राह्यलं. म्हनून दुरुस्त केलं.” त्यानं दुरुस्तीबद्दल वेगळं काही मागितलं नव्हतं, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

नवीन छापायला हिरालाल तयार होईना. शेवटी आम्ही तिघं, नलू आणि वच्छलाबाई ब्लेडं घेऊन बसलो आणि एकेका कव्हरवरचा मधला भाग खरवडून काढू लागलो. ‘सरकारी’तला ‘ार’ गेला की ‘सरक’ आणि लांब कुठेतरी एकटी वेलांटी उरायची. वच्छलाबाईंचा हात जड. त्यांनी ती वेलांटीही उडवली. म्हणून निम्म्या कॅसेटांवर नुसतं ‘सरक, भाग दुसरा’ असं राहिलं. पण त्याआधीच एक गठ्ठा हिरालालच्या माणसानं बाहेरगावच्या दुकानांवर वाटला होता. कारंजा-आष्टीकडच्या काही ग्रामपंचायतींनी सरकारी कॅसेट आली म्हणून ती चावडीवर भोंग्यावरून लावली. पहिला भाग आपल्याकडे कसा आला नाही, अशीही एका सरपंचानं चौकशी केली म्हणे.

आणि मग ती चालली. कशी ते मला विचारू नका. पानठेल्यावर, ट्रॅक्टरवर, गिरणीत, जिथे जावं तिथे बंडूजी ओरडत होता. शाळेतली पोरं दुसरं कडवं संपलं की एकसाथ शिंकायची. मास्तरांनी आधी डॉक्टरांना बोलावलं आणि मग बंडूजीला. हिरालालच्या कपाटातला खालचा खण रिकामा झाला, कारण दुसरी संपल्यावर लोकांनी पहिलीही नेली. ती त्यांनी परत आणली, हा भाग वेगळा.

साहेबांनी बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर न खरवडलेली कॅसेट होती.

“हे काय आहे?” ते म्हणाले. “शासनानं कॅसेट काढली का? वरून विचारणा झाली तर मी काय सांगू? आणि मला तुम्ही ऐकवलं ते हे नव्हतं.”

त्यांनी ती स्वतःच लावली. ‘पुढं सरक’ सुरू झालं. शिपाई दारात होता, तो हलायला लागला. हेडक्लार्क फाईल छातीशी धरून उभे होते, ती फाईल ठेक्यात वरखाली होऊ लागली. टेबलाखाली काहीतरी टकटक वाजत होतं. तो साहेबांचा बूट होता. साहेबांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी घाईनं मशीन बंद केलं.

“हे तर... हे तर सरळसरळ व्यावसायिक आहे,” ते म्हणाले.

हेडक्लार्कनं मागून मला खूण केली की नाही म्हणा. नाही म्हणणं फार सोपं होतं. साहेब, ऐकायला तसं वाटतं, पण आहे साधंच, कोणी घेत नाही, असं म्हणायचं आणि नोकरी वाचवायची. घरी नलू होती, दोन पोरं होती. मी तोंड उघडलं आणि मला ते म्हणता आलं नाही. परवानगी घेतली तेव्हा याच टेबलासमोर माझ्या कलेला कोणी विचारत नाही हे मी मुकाट ऐकून घेतलं होतं. आता लोक विचारत होते. बापूजींच्या वावरातल्या डुकरांपासून सुरू झालेला आमचा रसिकवर्ग माणसांपर्यंत येऊन पोचला होता, आणि मी ते नाकारू?

“होय साहेब,” मी म्हटलं. “लोकांचा पाय हलतो. तुमचाही हलला. ते मी लिहून द्यायला तयार आहे. त्याची काय शिक्षा असेल ती द्या.”

हेडक्लार्कनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी बराच वेळ पेनचं टोपण लावलं आणि काढलं.

“यात तुम्हाला काय मिळालं?” त्यांनी विचारलं.

“माझं अॅम्प्लिफायर जळालं साहेब. आणि अंगावर पाणी पडलं.”

“आणि फायदा?”

“तो हिरालालसेठचा.”

“मग व्यावसायिक हिरालाल आहे,” साहेब हळूहळू म्हणाले, जणू एखादा नियम त्यांना त्याच क्षणी सापडत होता. “तुम्ही... तुम्ही नुसते कलावंत आहात.” त्यांनी कॅसेट मशीनमधून काढली, माझ्या दिशेनं सरकवली, मग विचार बदलून आपल्याच खणात टाकली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

“ती शिंक. मुद्दाम घातलीय का?”

“मुद्दाम साहेब,” मी म्हटलं. “फार विचार केला तिच्यावर.”

पुढच्या वर्षीच्या लग्नसराईत मी आणि नलू एस.टी.नं तळेगावला निघालो होतो, चंद्रभानच्या घरी जेवणाला. गाडीवर कंडक्टर बंडूजीच होता. तळेगावच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे वरात. सगळा रस्ता भरून माणसं नाचत होती, नवरदेवाचा घोडा कंटाळून एका बाजूला तोंड करून उभा होता, आणि पितळी वाद्यांचा ब्यांड घाम गाळत वाजवत होता. काय वाजवत होता ते मला पहिल्याच ठेक्याला कळलं. नलूनं माझा हात घट्ट धरला.

बंडूजी खाली उतरला. वेळेवर गाडी न्यायची म्हणून तो पूर्ण ताकदीनं ओरडला, “पुढं सरका! पुढं सरक ना भाऊ!”

वरातीत आनंदाची लाट उसळली. इतका चांगला गाणारा आयता रस्त्यात भेटला म्हणून चार जणांनी त्याला उचललंच. तो जितका जीव तोडून ‘सरका’ म्हणे, तितके ते जागच्या जागी जोरात नाचत. गाडीतले प्रवासी खिडक्यांतून शिव्या देत होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तोही ठेक्यात.

मी उतरलो आणि वाट काढत ब्यांडमास्तरापाशी गेलो. डोमाजी असं त्याचं नाव त्याच्या ढोलावर रंगवलेलं होतं. मी नम्रपणे, म्हणजे ज्याला सगळं ठाऊक आहे अशा माणसाच्या नम्रपणे, विचारलं, “हे गाणं कोणाचं हो?”

“कोनाचं म्हंजे?” डोमाजी ढोल न थांबवता म्हणाला. “आपल्या इकडचंच हाय. जुनं हाय. माह्या बापाच्या टायमापासून वाजवून राह्यलो.”

“बापाच्या?”

“मंग. आता ते आर्वीकडच्या कोन्या कॅसेटवाल्यायनं घेतलं, अन् मधात शिंक-बिंक घालून पार कमर्शियल करून टाकलं. चांगल्या गान्याची वाट लावली त्यायनं.”

नलू मागून येऊन पोचली होती. तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा लाल झाला. “सांगा ना त्यायले! काऊन गप बसले? सांगा, कोनाचं हाय ते!”

मी डोमाजीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरून घाम वाहत होता आणि त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती. त्याच्या बापानं, म्हणजे ज्याला मी कधी पाहिलं नाही, मी शाळेत असतानाच्या काळात माझं गाणं वाजवलं होतं. एवढी मोठी पावती मला त्या नागपूरच्या साप्ताहिकानंही दिली नव्हती.

“तुमाले येते का हे गानं?” डोमाजीनं विचारलं.

“थोडंफार,” मी म्हटलं.

“येत असंन त म्हना. नाई त बाजूले सरका, नवरीकडचे आले.”

मी बाजूला सरकलो. तळेगावच्या त्या रस्त्याच्या कडेला, धुरळ्यात, इतक्या ताठ मानेनं आजवर कोणी उभं राहिलं नसेल.